निरोप्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा



पोस्ट लांब आहे. रविवार आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या गावाच्या नावामागं ‘प्रवरा’ लागतं, कारण नुसतं ‘देवळाली’ म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला नाशिकजवळची छावणी आठवते. म्हणून पत्रावर ‘तालुका राहुरी’ ठळक लिहायचं. निरोप चुकीच्या गावाला जाणं हा झाला एक घोटाळा. निरोप बरोबर घरी आला, पण आणणारा माणूस ओसरीवर न थांबता थेट आत शिरला आणि कपाट उघडून बसला, हा दुसरा. आजची पोस्ट या दुसऱ्या घोटाळ्याची आहे. पन्नास वर्षांचा इतिहास आहे त्याला, आणि तो फिरत फिरत आपल्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरपर्यंत येतो. तो सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून ठाऊक आहे.

पण सुरुवात नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून करू.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना पकडलं आणि नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव. सुरुवातीला ना वर्तमानपत्र, ना पत्र. मौलाना आझाद तिथं बसून आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना लांबलचक पत्रं लिहायचे. त्यातलं एकही पत्र टपालात पडलं नाही. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती सगळी पुस्तकरूपानं आली, ‘गुबार-ए-खातिर’ नावानं. चहाबद्दल, चिमण्यांबद्दल, संगीताबद्दल लिहिलंय. उर्दू वाचणारे आजही ते पुस्तक डोक्यावर घेतात.

आता यातली माझ्या कामाची गोष्ट एवढीच. कागद आझादांचा, अक्षर आझादांचं, मजकूर आझादांचा. पण पत्र किल्ल्याबाहेर जाणार की नाही, हे लिहिणाऱ्याच्या हातात नव्हतं. एखाद्या पहारेकऱ्याला दया आली असती तरी नियम त्याचाही नव्हता. नियम वरून आलेला.

संगणकाच्या भाषेत यालाच ‘सक्तीचं प्रवेश-नियंत्रण’ म्हणतात. इंग्रजीत मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल, थोडक्यात ‘मॅक’. याच्या उलट जे आपण रोज वापरतो ते मर्जीचं नियंत्रण: फाइल माझी, मी ती कुणालाही दाखवीन, उद्या सगळ्या गावाला वाटीन. सक्तीच्या पद्धतीत मालकालाही तो हक्क नसतो.

चांगल्या गोष्टीला तुरुंगाचं उदाहरण दिलं, हे काहींना खटकेल. खटकू द्या. ही कल्पना खरोखर लष्करातून आली आहे आणि तिच्या अंगाला तो वास अजून आहे. माणसांना असं कोंडणं वाईटच. प्रश्न प्रोग्रामला कोंडायचं की नाही, हा आहे.

१९७२ साली अमेरिकन हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी एक अहवाल लिहिला. एकाच मोठ्या संगणकावर अनेक लोक काम करतात, त्यात काहींना गुप्त कागद बघायची परवानगी आहे, काहींना नाही, मग हे जमवायचं कसं? अँडरसनचं उत्तर असं की मध्ये एक पहारेकरी ठेवा. प्रत्येक वेळी, प्रत्येक मागणी त्याच्यासमोरूनच गेली पाहिजे. त्याला कुणी फितवू शकता कामा नये. आणि तो इतका लहान असावा की त्याचा प्रत्येक कोपरा तपासता येईल. पुढच्या वर्षी बेल आणि लापॅड्युला या दोघांनी याला गणिती रूप दिलं. खालच्या दर्जाच्या माणसानं वरचं वाचायचं नाही, आणि वरच्या दर्जाच्या माणसानं खालच्या फाइलीत लिहायचं नाही. दुसरा नियम ऐकून विचित्र वाटतो, पण विचार करा, साहेबानंच गुप्त माहिती चुकून शिपायाच्या फाइलीत उतरवली तर? १९८३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं हे सगळं नारिंगी मुखपृष्ठाच्या एका पुस्तकात घातलं, ‘ऑरेंज बुक’ म्हणून ते प्रसिद्ध आहे.

कागदावर सगळं उत्तम. विद्यापीठांत आणि कंपन्यांत मात्र युनिक्स पसरत होतं, आणि युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक वापरकर्ता असतो. रूटला सगळं माफ. कुठलीही फाइल वाचा, कुठलीही खोडा, कुणाच्याही नावानं काम करा. अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या एका जुडग्यात.

आणि जुडगा कुणाच्या कमरेला? तर निरोप्याच्या.

सर्व्हरवर काही प्रोग्राम रात्रंदिवस मागं चालू असतात, कुणी दार वाजवलं की उठून काम करतात. त्यांना ‘डीमन’ म्हणतात. नाव एमआयटीच्या लोकांनी भौतिकशास्त्रातून उचललं, मॅक्सवेलच्या काल्पनिक द्वारपालावरून. आपल्याकडचा वेताळ म्हणा हवं तर, दिसत नाही पण हाकेला हजर. ईमेल पोचवणारा त्या काळचा सगळ्यात मोठा डीमन म्हणजे बर्कलेच्या एरिक ऑलमन यांचा ‘सेंडमेल’. त्याला पंचवीस नंबरच्या पोर्टवर, म्हणजे टपालाच्या दारावर बसायचं, आणि आलेलं पत्र ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचं. ही दोन्ही कामं युनिक्समध्ये साध्या माणसाला करता येत नाहीत. मग करा त्याला रूट! सोयीचं होतं. जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलणारा प्रोग्राम हाच घरातला सर्वांत अधिकारी प्रोग्राम, याचं त्या वेळी फार कुणाला काही वाटलं नाही.

२ नोव्हेंबर १९८८ ला वाटलं. कॉर्नेल विद्यापीठात शिकणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस यानं एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला, जो स्वतःच्या प्रती काढत एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट सेंडमेलची. सेंडमेलमध्ये दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ‘डीबग’ नावाची एक सोय ठेवली होती आणि अनेक ठिकाणी ती तशीच चालू राहिली होती. त्या सोयीतून पत्राच्या पत्त्याच्या जागी आज्ञा लिहिता यायची. टपालवाला पत्र उघडायचा आणि आत लिहिलंय ते करायचा. त्या वेळच्या इंटरनेटवर साधारण साठ हजार मशीन होती, त्यातल्या सहा हजारांना लागण झाली असा अंदाज तेव्हा सांगितला गेला.

यात दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. एक, या किड्यानं रूट व्हायचा प्रयत्नही केला नाही. गरजच पडली नाही. निरोप घेणाऱ्याला वाटेल तो प्रोग्राम चालवायची मुभा होती, तेवढं पुरलं. म्हणजे ‘रूट काढून घ्या, काम झालं’ हे उत्तर अपुरं होतं. दुसरी, मॉरिसचे वडील, त्यांचंही नाव रॉबर्ट मॉरिस, त्या वेळी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. ऑरेंज बुक सांभाळणारं केंद्र हेच. नियमाचं पुस्तक बापाच्या टेबलावर, आणि पोरानं जगाला दाखवलं की ते पुस्तक कुणी लागू केलेलं नाही.

बरं, लागू केलं असतं तरी बेल-लापॅड्युलाचे दर्जे टपाल डीमनला बसले नसते. कारण टपालवाल्याला वरच्याशीही बोलायचं असतं आणि खालच्याशीही. त्याचा दर्जा कुठला धरणार? यावरचं उत्तर १९८५ मध्येच बोबर्ट आणि केन यांनी मांडलं होतं. दर्जा सोडा, काम बघा. प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामाची चिठ्ठी लावा, प्रत्येक फाइलीला तिच्या प्रकाराची चिठ्ठी लावा, आणि कुठल्या चिठ्ठीनं कुठल्या चिठ्ठीला काय करायचं याची एक यादी करा. यादीत नाही ते बंद. मालक कोण, हुद्दा काय, हे विचारायचंच नाही. याला ‘टाइप एन्फोर्समेंट’ म्हणतात.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. सभासदाची बखर उघडा. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे बरोबरीच्या मानाचे, कोठाराचा हिशेब कारखानिसाकडं. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि कारभार एकमेकांच्या विचारानं. एकट्या माणसाच्या मर्जीनं किल्ला गनिमाच्या घशात जाऊ नये, म्हणून ही बांधणी. माणसं वाईट होती म्हणून नव्हे. उद्या त्यातला एक फुटला तरी किल्ला राहिला पाहिजे, एवढाच हिशेब.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. ही टाइपची कल्पना काही संशोधन-प्रणालींतून फिरत युटा विद्यापीठात ‘फ्लास्क’ नावाच्या रचनेत आली, त्यात एनएसए सहभागी होती. त्यावरून एनएसएच्या लोकांनी लिनक्ससाठी काम केलं आणि २२ डिसेंबर २००० ला ते सगळ्यांसाठी खुलं केलं. सिक्युरिटी एनहान्स्ड लिनक्स, म्हणजे एसई-लिनक्स. गुप्तचर संस्थेनं फुकट दिलेलं कुलूप कोण लावून घेणार, अशी शंका तेव्हाही निघाली. रास्त शंका आहे. पण कुलपाचा नकाशाच सगळ्यांसमोर टाकलेला होता आणि जगभरचे लोक वीसेक वर्षं तो चाचपून बघतायत. २००१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनी अट घातली की एकाच पद्धतीला कर्नलमध्ये घुसवणार नाही, कुठलीही सुरक्षा पद्धत जोडता येईल असा सांगाडा आधी करा. सांगाडा झाला, आणि २००३ मध्ये २.६ च्या कर्नलसोबत एसई-लिनक्स मुख्य लिनक्समध्ये आलं. त्याच सांगाड्यावर पुढं ‘ॲप-आर्मर’ही बसलं, उबुंटूवाले ते वापरतात. तेही सक्तीचंच नियंत्रण, फक्त चिठ्ठीऐवजी फाइलीच्या पत्त्यावर चालतं.

यानंतर जे घडलं तो या इतिहासातला माझा आवडता भाग. मे २००४ मध्ये फेडोरा कोअर २ आलं. त्यात एसई-लिनक्स होतं, आणि धोरण कडक: मशीनवरच्या प्रत्येक गोष्टीला यादी लागू. चाचणीतच लोकांची इतकी कामं अडली की शेवटी ते मुळात बंद ठेवूनच वाटावं लागलं. सहा महिन्यांनी फेडोरा कोअर ३ मध्ये त्यांनी शहाणपण केलं. ‘टार्गेटेड’ नावाचं धोरण आणलं. बसलेल्या माणसाच्या वाट्याला जायचं नाही, फक्त बाहेरच्या जगाशी बोलणारे मोजके डीमन कोंडायचे. ते मात्र चालू ठेवून दिलं. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाची झडती बंद, दारावर येणाऱ्या निरोप्याची चालू. हेच धोरण टिकलं. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही हेच एसई-लिनक्स आहे. ४.३ मध्ये नुसतं नोंद घेण्यापुरतं आलं, २०१४ च्या ५.० पासून पूर्ण सक्तीनं.

आता निरोपाच्या डीमनकडं येऊ. १९९९ च्या जानेवारीत जेरेमी मिलर यांनी ‘जॅबर’ जाहीर केलं. कुणीही स्वतःचा मेसेजिंग सर्व्हर मांडावा आणि सगळे एकमेकांशी बोलावेत, ईमेलसारखे. पुढं त्याचं प्रमाणित नाव एक्सएमपीपी झालं. व्हॉट्सॲपनंही सुरुवात ‘ई-जॅबरडी’ या त्याच कुळातल्या सर्व्हरवर केली होती.

एसई-लिनक्समध्ये या डीमनसाठी तयार धोरण येतं. डीमन चालू झाला की त्याच्या अंगावर ‘जॅबरडी_टी’ ही चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी असलेल्यानं लोकांशी ५२२२ नंबरच्या पोर्टवर बोलायचं, दुसऱ्या सर्व्हरशी ५२६९ वर. आपला साठा आपल्याच कोठारात ठेवायचा, त्या फोल्डरची चिठ्ठी ‘जॅबरडी_व्हार_लिब_टी’. संपलं. लोकांची घरं, हिशेबाचं फोल्डर, पासवर्डांची फाइल, यातलं काही यादीत नाही. उद्या त्या डीमनमध्ये सेंडमेलसारखं भोक निघालं आणि कुणी आत शिरलं, अगदी रूट म्हणून शिरलं, तरी अंगावर चिठ्ठी जॅबरडीचीच असते. हात त्या चार गोष्टींपर्यंतच पोचतात.

इथं कुणी म्हणेल, आमच्या राहुरी तालुक्यात कोण येतंय मरायला? त्यांच्यासाठी कॉसमॉसची आठवण. पुण्याची कॉसमॉस बँक, १९०६ ची, आपल्यासारख्याच सहकारातून उभी राहिलेली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दोनेक तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमचा ‘स्विच’ म्हणजे तरी काय? निरोप्याच की. मशीन विचारतं, या खात्यावर एवढे आहेत का? स्विच तो प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीला नेऊन देतो, उत्तर परत आणतो. चोरांनी खऱ्याच्या बाजूला खोटा स्विच उभा केला, जो मुख्य प्रणालीला न विचारताच ‘द्या, द्या’ म्हणत राहिला. मुख्य प्रणाली फुटलीच नाही, असं बँकेनं तेव्हा सांगितलं होतं. फुटायची गरज नव्हती, निरोप्याच बदलला.

चिठ्ठ्यांनी असा खोटा निरोप्या थांबतो का? नेटवर्कवर शेजारी उभा केलेला थांबत नाही, त्याला दुसरे उपाय. पण त्या जागेपर्यंत पोचायची वाट बहुतेक वेळा एखाद्या साध्या सेवेतून सुरू होते, आणि ती वाट तिथंच संपवायचं काम चिठ्ठ्या करतात. कॉसमॉसनंतर त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घातली, पुढच्या वर्षी वाढवली. पण लक्षात घ्या, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात. ती चौकट त्यांना लागू नाही. तुमची-आमची ठेव, बायकांची भिशी, उसाच्या बिलातून बाजूला टाकलेले पैसे, हे नगर जिल्ह्यात मोठ्या प्रमाणात पतसंस्थांतच आहेत.

आता माझी गोष्ट. संस्थेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

शाखाशाखांत निरोप जायला व्हॉट्सॲप नको, आपलाच सर्व्हर पाहिजे, असं संचालक मंडळानं काही वर्षांपूर्वी ठरवलं. ठराव चांगला होता. एका बाहेरच्या माणसानं लिनक्सवर जॅबर सर्व्हर बसवून दिला. काम माझ्याकडं आलं तेव्हा मी पहिल्या दिवशी ‘गेटएन्फोर्स’ टाईप केलं. उत्तर आलं, ‘परमिसिव्ह’. म्हणजे पहारेकरी दारात खुर्ची टाकून बसलाय, येणाऱ्याजाणाऱ्याचं वहीत लिहितोय, पण अडवत कुणालाच नाही.

का असं, याची चौकशी केली. साठा वाढला म्हणून कधीतरी नवीन डिस्क टाकली होती, फाइली तिकडं कॉपी केल्या, आणि डीमन उठेना. बसवणाऱ्याला फोन लावला. तो फोनवरच म्हणाला, “साहेब, सेटएन्फोर्स झीरो मारा, चालू होईल.” झालं चालू. पुढं कॉन्फिगरेशनच्या फाइलीतही तेच लिहून टाकलं, म्हणजे मशीन बंद-चालू झालं तरी पुन्हा कटकट नको. तीन वर्षं तसंच.

त्या माणसाला मी शिव्या देणार नाही. इंटरनेटवर कुठंही विचारा, पहिलं उत्तर हेच मिळतं. खरं कारण एवढंसं होतं. कॉपी केलेल्या फाइलींना नव्या जागेची चिठ्ठी लागते, जुनी येत नाही. डीमन आपल्या कोठारात गेला तर कोठारावर अनोळखी पाटी. यादीत नाही, म्हणून थांबला. बरोबरच थांबला! उपाय दोन ओळींचा आहे. ‘एसई-मॅनेज’नं सांगायचं की नव्या डिस्कवरचं हे फोल्डर आता जॅबरडीचं कोठार आहे, आणि ‘रिस्टोअरकॉन’नं सगळ्या फाइलींवर पाट्या लावून घ्यायच्या. पाच मिनिटं. पोर्ट बदललं असेल तर त्याचीही अशीच एक ओळ.

आणखी एक फसवी सोय आहे, ‘ऑडिट-टू-अलाऊ’. वहीतल्या सगळ्या नकारांचं ती परवानगीत रूपांतर करून देते. आंधळेपणानं चालवली तर परमिसिव्हपेक्षा वाईट, कारण वरून ‘एन्फोर्सिंग’ दिसतं आणि आत सगळी दारं उघडी. आधी वही वाचायची, मग ठरवायचं.

म्हणून मी वही वाचायला बसलो. नोंदी जुन्या होत जातात तशा खोडल्या जातात, त्यामुळं मागच्या काही दिवसांच्याच हाती लागल्या. बहुतेक त्या कोठाराच्या पाटीच्या. एक मात्र वेगळी. रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. ‘नाकारलं’ असा शब्द आणि ओळीच्या शेवटी ‘परमिसिव्ह बरोबर एक’. म्हणजे नाकारलं असतं, पण जाऊ दिलं. कोण: जॅबरडी_टी. काय: वाचन. कशाचं: सांबा_शेअर_टी. शाखांतले संगणक जे फोल्डर वापरतात त्यावर ही चिठ्ठी असते. त्यात ठेवींची खतावणी असते.

खरं सांगतो, घाम फुटला. निरोप्या रोज सात-दहाला खतावणी वाचतोय.

चोर निघाला नाही. निघाला घरचाच माणूस. पदाधिकाऱ्यांपैकी एकांना रोजची ‘पोझिशन’ मोबाइलवर हवी होती, आज ठेव किती, कर्ज किती. कुणीतरी मेसेजिंग डीमनलाच एक छोटी स्क्रिप्ट जोडून दिली. डीमननं चालवलेली स्क्रिप्ट डीमनचीच चिठ्ठी घेऊन चालते. ती खतावणी उघडायची आणि निरोप धाडायची. फक्त बेरीज धाडली असती तर एक वेळ ठीक. पण लिहिणाऱ्यानं सोपं केलं, अख्खी यादीच जोडली होती. खातेदाराचं नाव, समोर रक्कम. तो मोबाइल त्यांच्या घरात कोण कोण हाताळतं, जुना फोन बदलला तेव्हा कुणाला दिला, हे विचारायची माझी पायरी नाही. कुणी पैसा खाल्ला नाही, हे मी खात्रीनं सांगतो. पण गावात कुणाची किती ठेव आहे हे कुणाच्या तरी खिशात रोज संध्याकाळी जात होतं, आणि ठेवीदारांतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता. माझ्या आईचं खातं त्या यादीत होतं.

पासवर्ड चोरीला गेला नव्हता, कुलूप तुटलं नव्हतं. मर्जीच्या पद्धतीनं बघितलं तर सगळं नियमात होतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला परवानगी होती, डीमन ज्या खात्यावर चालतो त्या खात्याला फोल्डर वाचायची परवानगी कुणीतरी दिली होती. सक्तीची यादी चालू असती तर पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट अडली असती आणि कुणालातरी विचारावं लागलं असतं.

व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं. ते आधी माझ्यावरच वैतागले, मग शांतपणे दोनदा ऐकून घेतलं. त्यांच्या बाजूनं एक मुद्दा खरा होता. महिनाअखेर आहे, सगळं एकदम सक्तीचं केलं आणि शाखांचे निरोप अडले तर वसुलीची माणसं बोंबलतील. म्हणून मधला रस्ता काढला. पूर्ण मशीन सक्तीवर टाकली आणि फक्त जॅबरडी_टी या एका चिठ्ठीला तात्पुरती सूट दिली, तशी सोय एसई-लिनक्समध्ये आहे. यादीबाहेरचं वाचन त्याच दिवशी स्क्रिप्ट काढून थांबवलं. नवीन वही दोन आठवडे, महिनाअखेर धरून, रोज वाचली. फोटो-फाइली पाठवण्यासाठी एक जास्तीचं पोर्ट लागत होतं, ते यादीत घातलं. कोठाराच्या पाट्या लावल्या. वही कोरी यायला लागली तेव्हा सूट काढली.

पोझिशनचं काय? ती हवी असणं चूक नव्हे. आता हिशेब विभागाचा प्रोग्राम आपल्या बाजूला बेरीज करतो आणि एका वेगळ्या लहान फोल्डरमध्ये चार आकडे लिहून ठेवतो. त्या फोल्डरला वेगळी चिठ्ठी. निरोप्याला तेवढंच वाचायची परवानगी, लिहायची नाही. नावं त्यात नसतातच.

सूट काढली त्या संध्याकाळी मी मुद्दाम सात वाजेपर्यंत थांबलो. सव्वासातला मोबाइल वाजला.

“अहो, आज यादी नाही आली. नुसतेच आकडे आलेत.”

“हो साहेब,” म्हटलं, “आता नुसतेच आकडे येतील.”

पलीकडं जरा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, “बरं. उद्या मीटिंगला या, कारण सांगा.”

गेलो. सांगितलं. तिथंही सुरुवात नगरच्या किल्ल्यापासूनच केली.